मातीचा श्वास

चैत्र सरतो, वैशाखाचे ऊन माळावर तापू लागते आणि गावाबाहेरच्या शिवारात नांगरटीची घाई सुरू होते. पूर्वी चार-सहा बैल जुंपलेला लोखंडी नांगर पहाटेच चालू लागे. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरची घरघर कानी पडते. फाळ जमिनीत शिरतो, ढेकळे उलथून पडतात आणि तासाशेजारी तास उमटत जाते. नांगरामागून पांढरेशुभ्र गायबगळे चालत असतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या टिपत असतात. खालच्या ओलसर मातीचा गंध वाऱ्यावर पसरतो. हा देखावा पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. नांगरलेले शेत ही उद्योगी शेतकऱ्याची खूण आणि न नांगरलेले शेत ही आळशाची खूण, असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत.

मुलांनो, या फाळाबरोबर मातीतून आणखीही एक वस्तू वर येत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि गायबगळ्यांनाही तिचा पत्ता लागत नाही. ती वस्तू म्हणजे मातीचा श्वास. हा श्वास कशाचा, नांगरामुळे तो का वाढतो आणि साऱ्या पृथ्वीच्या हवामानाशी त्याचा संबंध काय, हे आज आपण पाहू.

माती श्वास घेते हे कशावरून, असे तुम्ही विचाराल. आणि ते विचारावयासच हवे. त्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. घट्ट झाकणाच्या, रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत शेतातील किंवा बागेतील ओंजळभर ओलसर माती घाला; दुसरी रिकामी ठेवा. दोहोंत चुन्याच्या स्वच्छ निवळीने भरलेली एकेक लहान वाटी ठेवून झाकणे लावा. निवळी गुरुजींच्या किंवा घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावी आणि तिचा हात डोळ्यांना लावू नये. दोन दिवसांनी पाहाल, तर मातीच्या बरणीतील निवळीवर पांढरी साय धरलेली दिसेल. रिकाम्या बरणीतील निवळी जवळजवळ तशीच स्वच्छ असेल. नळीने निवळीत फुंकर घातली म्हणजे ती जशी पांढरी होते, तसाच हा प्रकार. आपण उच्छ्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो, तोच मातीही बाहेर टाकते. जुनी पुस्तके त्याला कर्बद्विप्राणिल वायू म्हणत. आज त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात. या पाठात आपण त्याला थोडक्यात कर्बवायू म्हणू.

आता हीच माती तव्यावर चांगली भाजून, थंड झाल्यावर उकळून निववलेल्या पाण्याने ओली करून तिसऱ्या बरणीत ठेवली, तर निवळी बराच काळ स्वच्छ राहते. भाजण्याने मातीतील काय नाहीसे झाले? तिच्यातील जीव नाहीसे झाले. चमचाभर सुपीक मातीत अब्जावधी सूक्ष्म जंतू असू शकतात. त्यांच्याशिवाय बुरशीचे धागे, गांडुळे, वाळवी आणि कितीतरी बारीक किडे तेथे नांदत असतात. या सर्वांचा मिळून जो उच्छ्वास, तोच मातीचा श्वास होय.

हे जीव खातात काय? झाडे हवेतील कर्बवायू घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कर्बाचे पान, खोड, मूळ, दाणा असे आपले अंग घडवितात. पान गळते, मूळ सुकते, गुरांचे शेण पडते. हे सारे मातीत मिसळते आणि सूक्ष्म जंतू ते खाऊ लागतात. त्यातील पुष्कळसा कर्ब उच्छ्वासावाटे पुन्हा हवेत जातो. परंतु थोडा भाग काळ्या, मऊ द्रव्याच्या रूपाने मातीत टिकून राहतो. यालाच जमिनीचा सेंद्रिय कर्ब म्हणतात. त्याच्यामुळे जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरून ठेवते आणि पिकाला अन्न पुरविते. पृथ्वीवरील सर्व जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात असा सुमारे १,५०० अब्ज टन कर्ब साठलेला आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साऱ्या वातावरणात आज जितका कर्ब आहे, त्याहून हा साठा कितीतरी मोठा आहे. म्हणजे आपल्या पायांखालची माती ही कर्बाची एक प्रचंड कणगीच आहे.

या कणगीवर नांगराचा काय परिणाम होतो, हे समजण्यासाठी आपल्या आजीची चूल आठवा. रात्री स्वयंपाक आटोपला म्हणजे आजी निखाऱ्यांवर राख ओढून ठेवीत असे. राखेखाली हवा पोहोचत नसे. म्हणून निखारा सावकाश धुमसत सकाळपर्यंत टिके. सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुंकर घातली, की निखारा रसरसून पेटे आणि पाहता पाहता जळून जाई. मातीतील सेंद्रिय कर्बाचेही असेच आहे. मातीचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे बारीक रवे बनतात. या रव्यांच्या पोटात कर्ब दडून बसतो. तेथे प्राणवायू बेताचाच पोहोचतो आणि जंतूंचाही सहजासहजी शिरकाव होत नाही. नांगराचा फाळ हे रवे फोडतो, आतील कर्ब उघडा पाडतो, हवा आत खेळवितो आणि वरचा पालापाचोळा खाली मिसळून जंतूंच्या पुढ्यात आणून ठेवतो. फुंकणीने फुंकर घातल्यासारखेच हे झाले. जंतूंची पंगत जोरात सुरू होते आणि कणगीतील कर्ब वायुरूपाने हवेत निघून जातो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील मॉरिस येथे रायकॉस्की व लिंडस्ट्रॉम या दोन शास्त्रज्ञांनी हा वायू मोजून पाहिला. गव्हाचे पीक निघालेल्या शेताचा काही भाग त्यांनी पलटी नांगराने नांगरला आणि काही भाग तसाच ठेवला. जमिनीवर बंद पेटी टेकवून, आतील हवेत वायू किती वाढतो हे ते मोजत गेले. एकोणीस दिवसांच्या मोजणीत न नांगरलेल्या जमिनीपेक्षा नांगरलेल्या जमिनीतून सुमारे पाचपट कर्बवायू बाहेर पडला. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्या हंगामातील गव्हाच्या काडाने शेतात जितका कर्ब ठेवला होता, त्याहूनही अधिक कर्ब नांगरलेल्या जमिनीने तेवढ्या दिवसांत गमावला होता. अर्थात, नांगरटीनंतरच्या पहिल्या लोटात मातीच्या पोकळ्यांत आधीपासून साठलेला वायूही असतो, आणि हा वेग वर्षभर टिकत नाही. तरीही दरवर्षी दोन-तीनदा खोल नांगरट होत राहिली, तर कणगी हळूहळू रिकामी होणार, हे उघड आहे.

आपण स्वतःच थोडा हिशेब करून पाहू. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. तेवढ्या शेताच्या वरच्या वीतभर थराचे वजन ढोबळमानाने २,००० टन भरते. समजा, या मातीतील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण ०.६ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. पण २,००० टनांचा ०.१ टक्का म्हणजे २ टन कर्ब झाला. कर्बाचा प्राणवायूशी संयोग होऊन वायू बनतो, तेव्हा त्याचे वजन साडेतीन पटींहून थोडे अधिक होते. म्हणजे एका हेक्टरातून ७ टनांहून अधिक कर्बवायू हवेत गेला! असे लक्षावधी हेक्टर जगात नांगरले जातात, हे लक्षात घ्या.

हवेत गेला तर बिघडले काय, अशी शंका कोणी घेईल. सन १८५६ मध्ये युनिस फूट नावाच्या एका अमेरिकन विदुषीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कर्बवायूचे नळकांडे इतरांहून अधिक तापले आणि सावकाश निवले, असे तिला दिसले. पुढे १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी अचूक उपकरणांनी दाखवून दिले की, काही वायू उष्णता अडवून धरतात. सूर्याचा प्रकाश त्यांच्यातून पृथ्वीपर्यंत येतो. परंतु तापलेल्या पृथ्वीची उष्णता परत जाताना ते तिचा काही भाग धरून ठेवतात. काचगृहातील ऊब जशी आत राहते तसाच हा परिणाम दिसतो. म्हणून त्यांना हरितगृह वायू असे नाव पडले. हे वायू मुळातच वाईट नव्हेत. ते नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस राहिले असते आणि सारे पाणी गोठून गेले असते. परंतु थंडीत एक गोधडी सुखाची वाटते म्हणून उन्हाळ्यात चार गोधड्या पांघरून कोणी निजत नाही. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली हवेतील कर्बवायू नियमितपणे मोजण्यास आरंभ झाला, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. यातील मोठा वाटा कोळसा आणि खनिज तेल जाळल्याचा आहे. पण तोडलेली जंगले आणि नांगरलेली माती यांचाही त्यात हिस्सा आहे.

मातीतून बाहेर पडणारे हरितगृह वायू एकंदर तीन आहेत. पहिला कर्बवायू आपण पाहिला. दुसरा मिथेन. जेथे पाणी साचून मातीत प्राणवायू उरत नाही, तेथील काही सूक्ष्म जीव हा वायू तयार करतात. दलदलीतून बुडबुडे येतात, ते याचेच. तिसरा नायट्रस ऑक्साइड. शेतात घातलेले नत्रखत पिकाने घेतल्यावर जे उरते, त्यावर मातीतील जंतू काम करतात आणि त्यातून हा वायू निर्माण होतो. वजनास वजन धरून शंभर वर्षांचा हिशेब केला, तर मिथेन कर्बवायूपेक्षा सुमारे २७ पट आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट उष्णता धरतो. म्हणून त्यांचे प्रमाण थोडे असले तरी त्यांना विसरून चालत नाही.

मग शेतकऱ्याने इतकी शतके नांगर धरला, तो काय अज्ञानाने? मुळीच नव्हे! नांगरटीने तणे उपटली जातात, टणक जमीन मोकळी होते, पहिल्या पावसाचे पाणी आत मुरते, शेणखत मातीत मिसळते आणि उन्हाळ्यात जमिनीत दडलेल्या किडींचे कोष वर येऊन उन्हाने मरतात. इतकेच नव्हे, तर नांगरल्याने उघडा पडलेला कर्ब जेव्हा जंतू खातात, तेव्हा त्यात बांधलेले नत्र मोकळे होऊन पिकास मिळते. नांगरलेल्या शेतात पीक जोमदार येते, त्याचे एक कारण हेही आहे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष होईल, या भीतीने शेतकरी तो घेण्यास धजत नसत, असे सांगतात. ती भीती खोटी ठरली. लोखंडी नांगराने हरळीने माजलेल्या जमिनी लागवडीस आल्या आणि कित्येक घरांत धान्य आले. त्याचे हे ऋण आपण नाकारता कामा नये. परंतु सढळ हाताने खर्च करणाऱ्यास तिजोरीत किती शिल्लक आहे हेही पाहावे लागते. ते पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

शिल्लक न पाहता खर्च केला तर काय होते, याचा धडा अमेरिकेला मिळाला. तेथील मध्य भागात हजारो वर्षे उंच गवताची विस्तीर्ण मैदाने होती. गवताच्या मुळ्यांच्या दाट जाळ्यामुळे लाकडी व बिडाचे नांगर तेथे चालत नसत; चिकट माती फाळाला लपेटून बसे. सन १८३७ मध्ये जॉन डियर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा गुळगुळीत नांगर बनविला आणि ती मैदाने फुटू लागली. पहिली कित्येक वर्षे अपार पीक आले. परंतु अशा जमिनींनी आपल्या मूळच्या सेंद्रिय कर्बापैकी तिसरा हिस्सा, कोठे कोठे निम्माही, गमावला. पुढे पश्चिमेकडची आखूड गवताची कोरडी मैदानेही नांगरली गेली. १९३० नंतर लागोपाठ अवर्षणे पडली, तेव्हा तेथील उघडी, जीव गेलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी धुळीचे असे प्रचंड वादळ उठले, की भरदिवसा काळोख झाला. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून इतिहासात नमूद आहे. हजारो कुटुंबांना घरदार सोडून परागंदा व्हावे लागले. त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला. १९४३ साली एडवर्ड फॉकनर यांनी एक पुस्तक लिहून, पलटी नांगराची खरोखर आवश्यकता आहे काय, असा प्रश्न विचारला. पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. परंतु १९६२ साली केंटकी राज्यातील हॅरी यंग या शेतकऱ्याने थोड्या जमिनीत नांगर न घालताच मका पेरून दाखविला, आणि त्याच वर्षी ओहायो राज्यात नांगरलेल्या व न नांगरलेल्या जमिनींची तुलना करणारे प्रयोग सुरू झाले. ते आजही चालू आहेत.

न नांगरता पेरावयाचे कसे? मागील पिकाचे धसकट व काड शेतातच राहू द्यावयाचे, आणि पेरणीयंत्राच्या अरुंद फाळाने तेवढीच चीर पाडून तिच्यात बी व खत सोडावयाचे. बाकीची माती जागची हलवावयाची नाही. वर पसरलेले काड मातीवर पांघरुणासारखे राहते. त्यामुळे ऊन-पावसाचा मारा थेट बसत नाही, ओल टिकते आणि माती वाहून जात नाही.

या पद्धतीचा मोठा उपयोग आपल्या देशात पंजाब व हरियाणा या राज्यांत झाला. तेथे भाताची कापणी झाल्यावर गव्हाची पेरणी करावयास दिवस थोडेच उरतात. यंत्राने कापलेल्या भाताचे काड शेतात पसरलेले असते. ते लवकर दूर व्हावे म्हणून शेतकरी त्याला आग लावीत, आणि त्या धुराने शेकडो मैलांवरच्या शहरांतील लोक गुदमरत. हा प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने ‘हॅपी सीडर’ नावाचे यंत्र तयार केले. हे यंत्र उभे धसकट कापून बाजूला टाकते, त्याच जागी गहू पेरते आणि कापलेले काड पेरलेल्या ओळींवर पसरते. जाळणे नको, नांगरणे नको! गहू लवकर पेरला जातो आणि डिझेलही वाचते. एक लिटर डिझेल जळाल्याने सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या जितक्या फेऱ्या वाचल्या, तितका धूरही वाचला.

आता कोकणाकडे वळू. तेथे आषाढात भातखाचरांत पाणी बांधून चिखलणी करतात आणि मग रोपांची लावणी होते. चिखलणीने तण दबते, पाणी खाली झिरपत नाही आणि रोप लावणे सुलभ होते. परंतु पाण्याखाली कोंडलेल्या त्या मातीत प्राणवायू राहत नाही आणि मिथेन तयार होऊ लागतो. भाताच्या रोपाच्या खोडात हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्यांच्यावाटे तो बाहेर पडतो. मनुष्याच्या उद्योगांमुळे जगात जेवढा मिथेन हवेत जातो, त्याचा सुमारे दशांश भातशेतीतून येतो. यावर एक उपाय फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रूढ केला. खाचरात भोके पाडलेली एक नळी पुरावयाची. तिच्यातील पाणी जमिनीखाली वीतभर उतरले की मगच पुन्हा पाणी द्यावयाचे. मधल्या काळात मातीला हवा मिळते आणि मिथेन पुष्कळ कमी होतो. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ या नावाने वेगळीच वाट चोखाळली आहे. त्यात गादीवाफे एकदाच करावयाचे. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खळगे पाडून त्यांत बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे वाफ्यातच कुजू द्यावयाची. तणांच्या बंदोबस्तासाठी मात्र तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो.

इथवर वाचून तुम्हांस वाटेल की, मग प्रश्न सुटला. सर्वांनी नांगर माळ्यावर टाकावा! परंतु शास्त्र इतक्या घाईने निकाल देत नाही. न नांगरलेल्या शेतांतील कर्ब शास्त्रज्ञ प्रथम वरच्या वीतभर थरातच मोजत असत आणि तो खूप वाढलेला दिसे. पुढे त्यांनी अधिक खोल खणून माती तपासली, तेव्हा निराळीच गोष्ट ध्यानात आली. नांगर काडीकचरा खाली नेऊन मिसळतो. म्हणून नांगरलेल्या शेतात तो खोलवर सापडतो. न नांगरलेल्या शेतात तो वरच राहतो. म्हणजे वाढ दिसली, तिच्यातील काही भाग खरा होता आणि काही भाग केवळ जागा बदलल्याचा होता. २०१४ साली पॉलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सारा पुरावा तपासून लिहिले की, न नांगरल्याने मातीचे आरोग्य सुधारते हे खरे. पण केवळ तेवढ्याने हवामानबदलास मोठा आळा बसेल, अशी आशा धरू नये.

दुसरीही एक अडचण आहे. भारी, चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत नांगर बंद केला, तर ती दबून राहते, आत हवा कमी खेळते आणि नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. तो २७० पट प्रबळ असल्याने, कर्बवायूत झालेली बचत त्यापुढे फिकी पडू शकते. भाताचे खाचर मधून मधून सुकविल्यानेही मिथेन घटतो, पण हा वायू थोडा वाढतो. एक दार लावावे तर दुसरे किलकिले होते. म्हणून नत्रखत बेताने आणि पिकाच्या गरजेच्या वेळीच देणे, शेतातील काड न जाळणे आणि पिकांची फेरपालट करणे, ही पथ्ये पाळल्यावाचून केवळ नांगर थांबवून भागत नाही. शिवाय, दहा वर्षे न नांगरता साठविलेला कर्ब पुन्हा खोल नांगरट सुरू केल्यास हळूहळू निघून जाऊ शकतो, हेही विसरता येत नाही.

आपल्या जुन्या शेतीतही या विचाराची बीजे आढळतात. आपला शेतकरी सर्व मशागत नांगरानेच करीत नसे. कुळवाने वरचा थर तेवढा हलवावयाचा, तिफणीने पेरावयाचे आणि कोळप्याने दोन ओळींमधले तण काढावयाचे, अशी त्याची रीत होती. दख्खनच्या काळ्या जमिनीला तर ‘स्वतःच स्वतःला नांगरणारी’ असे म्हणतात. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते आणि पावसाने ती पुन्हा फुगून येते. त्यामुळे दरवर्षी खोल नांगरट करावी, की दोन-तीन वर्षांतून एकदा करून एरवी कुळवणीवर भागवावे, हे शेतकऱ्याने आपली जमीन, आपले तण आणि आपला पाऊस पाहून ठरवावयाचे आहे. चुकीचा निर्णय झाला, तर त्याच्या घरचे एका वर्षाचे धान्य जाते. म्हणून दुरून उपदेश करणे सोपे आणि शेताच्या बांधावर उभे राहून ठरविणे अवघड, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

या कामी त्याला साहाय्य व्हावे म्हणून २०१५ सालापासून आपल्या देशात शेतकऱ्यांना मृदा आरोग्यपत्रिका देण्यात येऊ लागल्या. तुमच्या घरी किंवा शेजारी शेती असेल, तर ती पत्रिका मागून घ्या आणि तिच्यातील ‘सेंद्रिय कर्ब’ ही ओळ शोधा. आकडा ०.५ टक्क्यांहून कमी असेल, तर प्रमाण कमी समजावे, ०.५ ते ०.७५ असेल तर मध्यम. त्याहून अधिक असेल तर चांगले. मग घरच्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारा: आपण शेत किती वेळा नांगरतो? किती खोल? कशासाठी? धसकटाचे काय करतो? त्यांच्या उत्तरांत अनुभवाचे पुष्कळ शहाणपण असेल. ते नीट ऐका. तुम्हांला जे ठाऊक झाले आहे, तेही त्यांना सांगा. एखाद्या कोपऱ्यातील गुंठाभर जमीन न नांगरता ठेवून दोन-तीन हंगाम तिची तुलना करून पाहावी, असे त्यांना सुचवून पाहा. ओहायोतील त्या प्रयोगांचा आरंभही असाच जमिनीच्या लहान तुकड्यांपासून झाला होता.

नांगर टाकून द्यावा, असे हा पाठ सांगत नाही. ज्या नांगराने आपल्या पूर्वजांना पोसले, त्याच्याविषयी आपल्या मनात आदरच असावा. परंतु फाळ मातीत घालण्यापूर्वी, आज याची गरज आहे काय, एवढा एक प्रश्न आता आपल्याला विचारावा लागेल. पुढच्या वैशाखात नांगरामागून चालणारे गायबगळे पाहाल, तेव्हा त्या ओल्या मातीच्या गंधाबरोबर जे न दिसणारे वर जात आहे, त्याचीही आठवण ठेवा. ती माती तुमच्या आजोबांची होती आणि तुमच्या नातवंडांनाही तिच्यातच पेरावयाचे आहे.